घराखालची जागा



आज आम्ही घराविषयी बोलणार आहोत. भिंत विटांची असावी की दगडाची, वर पत्रा घालावा की कौले, हे सांगायला गवंडी आहेत. आम्ही बोलणार ते घराखालच्या जागेविषयी. खेड्यात घरे व्हावीत म्हणून आपल्या राज्याने कायदे केले, नियम केले, पैसेही ठेवले. तरी कित्येकांचे घर कागदावरच राहते. असे का होते, एवढेच आज पाहू.

आम्ही वकील नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि सारी नोकरी शाळेत गेली. पण खेड्यातल्या मास्तरला मुलांच्या वह्यांबरोबर गावाचे अर्जही तपासावे लागतात. "गुरुजी, एवढा कागद वाचून दाखवा," असे म्हणत लोक येत. त्यांतले निम्मे कागद जागेचे असत. म्हणून हा विषय घेतला.

आपले वाडवडील गावच्या जमिनीचे दोन भाग मानीत. एक काळी, दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. सरकारी भाषेत पांढरीला गावठाण म्हणतात. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली. १८३५ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन साहेबांनी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात नव्या रीतीची मोजणी सुरू केली. पुढे ती गावोगाव गेली. शेतांना नंबर पडले आणि गावठाणाभोवती एक रेघ आली. पुष्कळ गावांत ती रेघ अजून जवळपास तिथेच आहे. माणसे मात्र वाढली.

ज्या घरात एक चूल होती तेथे चार चुली झाल्या. पडवीला भिंत घालून खोली केली. गोठ्यात माणसे राहायला आली, गुरे रस्त्यावर बांधली. अंगण तर कुठल्या कुठे गेले! तेवढ्यानेही भागेना, तेव्हा लोक रेघेच्या बाहेर पडले. ज्याचे शेत होते तो शेतात राहायला गेला. ज्याचे शेत नव्हते तो मालकाच्या जागेत झोपडे घालून राहिला. ज्याला मालकही जवळ करीना तो गायरानात गेला. गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेले रान.

या तिघांचे कायद्यापुढे काय होते ते पाहा.

मालकाच्या जागेत राहणाऱ्यासाठी कायदा फार पूर्वी झाला. तेव्हाच्या मुंबई प्रांतात १९४८ साली कुळकायदा आला. कुळांना जमीन देणारा कायदा म्हणून आपण तो ओळखतो. पण त्यात घराचीही कलमे आहेत. मालकाच्या जागेवर कुळाने आपल्या खर्चाने घर बांधले असेल तर मालकाला मनात येईल तेव्हा त्याला बाहेर काढता येत नाही. मालक ती जागा विकू लागला तर आधी त्या कुळाला विचारले पाहिजे. शेतमजूर आणि गावचे कारागीर यांनाही हे संरक्षण आहे. गोव्यात असा माणूस भाटकाराच्या जागेत राहतो, त्याला मुंडकार म्हणतात. त्यांच्यासाठी १९७५ साली वेगळा कायदा झाला. हे कायदे चांगले होते. मात्र घर आपण बांधले हे दाखवायला कागद लागतो, आणि मजुराच्या घरात कागद कुठला? धान्याची कणगीही जिथे रिकामी, तिथे पावती कोण जपून ठेवणार!

गायरानात राहणाऱ्याची गोष्ट सगळ्यांत कठीण. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका खटल्यात निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनीवरचे बेकायदा कब्जे सर्व राज्यांनी काढावेत, असे त्यात सांगितले. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना सरकारनेच जागा दिली असेल, अशा थोड्या ठिकाणी अपवाद ठेवला. २०२२ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. आपल्या राज्यात गायरानावर २ लाखांहून जास्त बांधकामे आहेत, असा आकडा तेथे पुढे आला. घरोघर नोटिसा लागल्या, आणि वीस-तीस वर्षे जिथे चूल पेटली तिथे लोकांची झोप उडाली. गायरान गुरांचे आहे हे आम्हांला मान्य आहे. गावची गुरे चरणार कुठे? पण माणूस हौसेने गायरानात जात नाही. पांढरीत जागा उरली नाही म्हणून जातो. १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जागेवरची राहती घरे नियमात बसवण्याचा निर्णय राज्याने २०१८ साली काढला खरा. पण प्रत्येक जागा त्यात बसत नाही. तेव्हा "सरकार नावावर करून देणार आहे" असे कोणी बाजारात सांगितले तर त्यावर विसंबून पक्के घर बांधू नका.

आता राहिला शेतातला माणूस, आणि त्याच्याकडून घरासाठी जागा विकत घेणारा माणूस. इथे जरा थांबू या, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते.

शेताचा तुकडा पाडून घरासाठी विकायचा तर दोन कुलपे आडवी येतात. पहिले कुलूप बिनशेतीचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली. तिच्यात असे होते की, शेतीच्या जमिनीचा दुसऱ्या कामासाठी उपयोग करायचा तर आधी कलेक्टरची परवानगी पाहिजे. या परवानगीला आपण 'एन. ए.' म्हणतो. दुसरे कुलूप तुकडेबंदीचे. ते १९४७ सालचे आहे. बापाच्या चार एकरांचे चार मुलांत तुकडे, मग नातवांत तुकडे, असे होत होत औत फिरवायला जागा राहीना. म्हणून सरकारने ठरवले की ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकता येणार नाही. लगतच्या शेतकऱ्याला मात्र विकता येईल. हेतू चांगलाच होता. काळी जगावी म्हणून तो कायदा केला. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरले.

आता हिशेब करा. आमच्या शाळेत चौथीच्या मुलांना आम्ही मैदानात चुन्याने गुंठा आखून दाखवीत असू. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. गुणाकार केला की १,०८९ चौरस फूट होतात. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुले त्या चौकोनात उभी राहत आणि म्हणत, "गुरुजी, एवढ्यात तर आमची दोन घरं बसतील!" मुलांचे म्हणणे बरोबर होते. गरिबाला घरासाठी अर्धा-पाऊण गुंठा पुरतो. कायदा म्हणतो, दहा गुंठ्यांखाली विक्री नाही. मजुराने दहा गुंठे घ्यायचे कशातून?

मग लोक काय करतात? नोटरीपुढे मुद्रांक कागदावर लिहून घेतात. "अमुक रुपये रोख दिले, अर्धा गुंठा दिला, तक्रार नाही." खाली दोन साक्षीदार. कागदावर शिक्का असतो, तिकीट असते, म्हणून माणसाला वाटते की झाले खरेदीखत. पण स्थावर मालमत्तेची किंमत १०० रुपये किंवा जास्त असेल तर विक्रीचा दस्त नोंदवावाच लागतो. हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे. नोंद दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. विकणारा वारला आणि त्याची मुले म्हणाली, "आम्ही हे मानत नाही," तर हातात फक्त कागद उरतो. असे कागद आम्ही पुष्कळ पाहिले. घडी घालून घालून ते चौकोनी फाटलेले असतात. पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेले असतात. पैसे मात्र खरे दिलेले असतात.

इकडे सरकारने घरांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचे असावे, आणि सपाट मुलखात १ लाख २० हजार, डोंगरी मुलखात १ लाख ३० हजार रुपये मिळावेत, असे ठरले. राज्याच्याही रमाई, शबरी अशा योजना आहेत. पण पैसे हप्त्याने मिळतात. आधी जागा दाखवायची, मग जोते बांधायचे. ज्याला जागाच नाही त्याने जोते कुठे बांधायचे? यादीत नाव आहे, घरकुल मंजूर आहे, आणि बाई पंचायतीच्या पायरीवर बसली आहे. तिला विचारले तर म्हणते, "घर मिळालंय म्हणत्यात, पण ठेवू कुठं?"

ही अडचण राज्याच्या ध्यानात आली. २०१५ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरकुलासाठी जागा विकत घेण्याची योजना निघाली. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला ५० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू लागली. पुढे ती मर्यादा १ लाख झाली. पैसे आले, पण तुकडेबंदीचे कुलूप तसेच होते. एक खाते म्हणे, ५०० फूट जागा विकत घ्या. दुसरे खाते म्हणे, ५०० फूट जागेचा दस्त होणार नाही. दोन्ही खाती एकाच सरकारची!

शेवटी मार्च २०२४ मध्ये तुकडेबंदीच्या नियमांत बदल झाला. विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी आणि घरकुलासाठी लहान तुकडा विकण्याची वाट निघाली. केंद्राच्या किंवा राज्याच्या ग्रामीण घरकुल योजनेत ज्याचे नाव आहे त्याला १,००० चौरस फुटांपर्यंत जागा घेता येते. म्हणजे गुंठ्याला ८९ फूट कमी. त्यासाठी कलेक्टरकडे अर्ज करावा लागतो. अर्जदार खरोखर लाभार्थी आहे याची खात्री करून घेतात. मंजुरीचा हुकूम निघाला की तो खरेदीखताला जोडायचा. हुकूम नसताना कोणी "आधी पैसे द्या, हुकूम मागाहून येतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. पूर्वी झालेले तुकड्यांचे व्यवहार कायदेशीर करून घेण्याची सोयही २०१७ आणि २०२५ च्या सुधारणांत केली आहे. ज्यांच्या घरी जुना कागद आहे त्यांनी तो आपल्याला लागू पडतो का, हे तहसील कचेरीत विचारावे.

जागा घेण्यापूर्वी विकणाऱ्याचा सातबारा मागा. तो वाचता येणे आता तुम्हांला अवघड नाही. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे शब्द दिसले तर थांबा. ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज लिहिलेले असते, तेही पाहा. वारसांची नावे किती आहेत ती मोजा. सहा वारस असतील आणि सही एकाचीच असेल, तर व्यवहार पुरा झाला असे समजू नका.

बिनशेतीचे कुलूपही राज्याने सैल केले आहे. महसूल संहितेत ४२-ड नावाचे कलम घातले. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन घरासाठी बिनशेती मानावी, ठरलेली रक्कम व कर भरून घ्यावा, असा त्याचा अर्थ. २०० मीटर म्हणजे पावणेतीनशे पावलांच्या आसपास. शिवाय २०२१ साली असेही ठरले की खेड्यात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी नगररचना खात्याच्या दाराशी जाण्याची गरज नाही. ग्रामपंचायतीतच काम व्हावे.

या २०० मीटरविषयी आमचे मत थोडे निराळे आहे, ते सांगून टाकतो. कलम चांगले आहे. ज्याचे शेत गावाला लागून आहे त्याला आपल्या मुलासाठी सुखाने घर बांधता येईल. पण त्याच जमिनीचा भाव कायद्याने वाढतो. कालपर्यंत ज्वारीचे रान होते, आज 'प्लॉट' झाले. मोठ्या रस्त्याच्या गावी तर बाहेरचे लोक मोटारीतून येऊन भाव विचारतात. मजुराला मिळणारी मदत आहे तेवढीच राहते आणि जागा हातची जाते. जमीनवाल्याला घर बांधायला मोकळीक दिली, म्हणून भूमिहीनाला घर मिळाले असे होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कायदा करणारे त्या पुष्कळदा एक समजतात.

भूमिहीनाच्या उपयोगाचे कलम जुनेच आहे. संहितेचे कलम १२२. गावठाणात कोणती जमीन धरायची हे ठरवण्याचा आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार त्याने कलेक्टरला दिला आहे. यालाच गावठाण विस्तार म्हणतात. गावाजवळ सरकारी पडीक जमीन असेल तर ती गावठाणात घेऊन तिचे भूखंड पाडता येतात. केंद्र सरकारने १९७१ साली भूमिहीन शेतमजुरांना घरासाठी जागा देण्याची योजना काढली. अनेक गावांत त्या सुमारास 'नवे गावठाण', 'वाढीव वस्ती' झाली, ती तुम्ही पाहिली असेल. रस्ते सरळ आहेत, ओळीने घरे आहेत. पुढे हे काम मंदावले. आता गावे मागणी करीत नाहीत, आणि मागणीशिवाय कचेरीतला कागद हलत नाही. मागणीचा ठराव ग्रामसभेत करता येतो. ग्रामसभेत आपल्याला मत आहे. पण ठरावाच्या दिवशी मजूर कामावर असतो आणि जमीनवाले पुढे बसलेले असतात. मग विषय निघतो समाजमंदिराच्या रंगाचा!

आता कागदांचे थोडे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मिळतो. लोक त्याला मालकीचा कागद समजतात. तो घरपट्टीचा कागद आहे. कर कोण भरतो हे त्यावरून कळते, मालक कोण हे त्यावरून ठरत नाही. म्हणून गावठाणाची मोजणी होणे जरूर होते. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने मोजणी करण्याचा पहिला प्रयोग आपल्या राज्याने केला. ड्रोन म्हणजे वरून फोटो काढणारे उडते यंत्र. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. मोजणीनंतर घराची मिळकत पत्रिका तयार होते. शहरात जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात तीच. ती दाखवून बँकेकडे कर्ज मागता येते.

मोजणीच्या आधी प्रत्येकाने आपल्या जागेच्या कडेला चुन्याची रेघ मारायची असते. त्या दिवशी घरी राहा. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण शेजाऱ्याची रेघ तुमच्या ओट्यावरून गेली तर ती पुसायला वर्षे लागतील. चौकशीच्या वेळी नाव नीट लिहिले आहे का ते स्वतः वाचा. बापाचे नाव, आडनाव, वेलांटी, काना, सारे पाहा.

आणि बायांनो, तुमचे नाव! २००३ साली राज्य सरकारने सांगितले की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावावे. प्रधानमंत्री आवास योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यावे असे आहे. पुरुष मंडळी म्हणतील, "नावात काय आहे? घर तिचंच आहे की!" असे म्हणणाऱ्याला दोन्ही नावे लावायला काहीच हरकत नसावी. नवरा वारल्यावर दिरांनी बाहेर काढलेली बाई अर्ज लिहून घ्यायला शाळेत येई, तेव्हा आम्ही पहिला प्रश्न हाच विचारीत असू: "उताऱ्यावर नाव आहे का?" बहुतेक वेळा ती मान खाली घाली.

ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास भरते. ज्यांच्या गावी जागा नाही त्यांनी पुढचा मजकूर वहीत उतरवून घ्यावा, गावाचे नाव व आकडे घालावेत, आणि सभेच्या चार दिवस आधी ग्रामपंचायतीत द्यावा.

"मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस,

आमच्या गावच्या गावठाणात घरासाठी मोकळी जागा उरलेली नाही. गावात इतक्या कुटुंबांना घरकुल मंजूर आहे, परंतु स्वतःची जागा नाही. त्यांची यादी सोबत जोडली आहे. गावाजवळ अमुक गट नंबरची सरकारी जमीन आहे. ती देता येईल किंवा कसे याची चौकशी व्हावी. सबब महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १२२ प्रमाणे गावठाण वाढवून मिळण्यासाठी मा. जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करण्याचा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा, ही विनंती."

खाली सर्वांनी सह्या कराव्यात. अंगठा नको, सही करा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक पंचायतीत द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घालून घ्या. गट नंबर ठाऊक नसेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो त्यांच्याकडे, गावचा नकाशा पाहायला मागा. नकाशात गावठाणाची रेघ कुठे आहे तीही पाहून ठेवा. गुरुवारच्या वर्गात हे अर्ज आम्ही तपासू.